आधी माणसाचा आवाज, मग हलगी: व्हिडिओ एडिट करताना लेव्हल लावण्याची पद्धत

गावच्या कार्यक्रमाच्या एकाच व्हिडिओत काय काय येतं बघा. स्वागतगीत, माइकपासून हातभर लांब उभे राहून बोलणारे अध्यक्ष, टाळ्या, मधेच झांजपथक, आणि नंतर घरी रेकॉर्ड करून जोडलेलं निवेदन. बेळगावजवळच्या कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनीच्या साहित्य संमेलनांपासून कुस्तीच्या मैदानापर्यंत हाच प्रकार. यातल्या प्रत्येक आवाजाची पातळी वेगळी असते. ती जुळवली नाही तर बघणारा अध्यक्षांसाठी मोबाइलचा आवाज वाढवतो आणि पुढच्याच क्षणी झांज कानात शिरते.

जुळवण्याचं काम अवघड नाही, पण त्याला क्रम आहे. आधी बोलणाऱ्या माणसाचा आवाज बसवायचा आणि बाकी सगळं त्याच्या मानाने वर-खाली करायचं. संगीत आधी टाकून भाषण त्याच्यावर चढवत नेलं की शेवटी दोन्ही फाटतात.

मीटर वाचताना

सॉफ्टवेअरमधला शून्य डीबी (डेसिबल) म्हणजे छत. त्याच्या वर जागाच नाही, म्हणून सगळे आकडे उणे. मंडपाबाहेर मीटर धरून मोजतात त्या डेसिबलशी याची गल्लत करू नका. ध्वनिप्रदूषण नियमांतली निवासी भागाची दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा हवेतल्या आवाजाची असते, ती शांततेपासून वर मोजतात. इथे छतापासून खाली मोजायचं. ६ डीबी वाढवले की तरंगाची उंची दुप्पट होते, पण कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डीबी लागतात. त्यामुळे अर्धा-अर्धा डीबी सरकवत बसू नका, २-३ डीबीच्या टप्प्याने हलवा.

टाइमलाइनचा (क्लिप ओळीने मांडतो ती पट्टी) सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा. हेडफोन वायरचा वापरा, कारण ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि ओठ जुळले की नाही ते कळत नाही. ऐकण्याचा आवाज एकदा ठरवला की काम संपेपर्यंत त्या बटणाला हात लावू नका. तासाभराने कान थकतो, सगळं मंद वाटू लागतं आणि नको तिथे लेव्हल वाढवली जाते. त्या वेळी मीटर खरं बोलतं, कान नाही.

बोलण्याचा आवाज बसवणं

भाषण किंवा निवेदनाची शिखरं (मीटर सगळ्यात वर जातं ते आकडे) उणे १२ ते उणे ६ यांच्या मधे राहतील असं लावा. ही लेव्हल ट्रॅकच्या फेडरने (पूर्ण ट्रॅक वर-खाली करणारी सरकपट्टी) नाही, क्लिपच्या गेनने (त्या एका क्लिपची मूळ पातळी) लावायची. प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिपचा गेन इफेक्टच्या आधी लागतो आणि क्लिपवरची आवाजाची रेघ इफेक्टच्या नंतर. कंप्रेसरला (जोराचे आवाज दाबणारा इफेक्ट) सगळ्या क्लिप सारख्या पातळीवर मिळायला हव्या असतील तर गेनच बदलायला हवा. क्लिप निवडून 'जी' दाबलं की खिडकी उघडते. तिथे नॉर्मलाइझ करण्याच्या, म्हणजे शिखर ठरलेल्या आकड्याला नेण्याच्या, दोन पर्यायांत नेहमी गोंधळ होतो. 'नॉर्मलाइझ मॅक्स पीक' निवडलेल्या सगळ्या क्लिप एकाच मापाने उचलतं, त्यामुळे त्यांच्यातला आपसातला फरक तसाच राहतो. 'नॉर्मलाइझ ऑल पीक्स' प्रत्येक क्लिप स्वतंत्रपणे ठरलेल्या शिखरापर्यंत नेतं. एकाच भाषणाचे तुकडे असतील तर पहिला पर्याय, वेगवेगळे वक्ते असतील तर दुसरा. डाव्हिंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपवर उजवी क्लिक करून 'नॉर्मलाइझ ऑडिओ लेव्हल्स' घेतलं की हाच फरक 'रिलेटिव्ह' आणि 'इंडिपेंडंट' या नावांनी दिसतो.

शिखरावर नॉर्मलाइझ करण्यात एक खोड आहे. माइकवर बोट आपटून 'हॅलो, हॅलो' केलेला एक ठोका क्लिपमध्ये राहिला असेल तर सॉफ्टवेअर त्यालाच शिखर मानतं आणि भाषण खालीच राहतं. आधी असे ठोके, खोकले, टाळ्यांचे कडकडाट कापून वेगळे करा आणि मगच नॉर्मलाइझ करा.

वक्ते बोलता बोलता मागच्या फलकाकडे वळले, आवाज पडला, अशी जागा आली की तिथे क्लिप कापा. पडलेल्या तुकड्याचा गेन ३ ते ६ डीबीने वाढवा आणि दोन्ही कापांवर २-३ फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज उतरत दुसरा चढतो तो जोड) द्या, नाहीतर कापाच्या जागी 'टक' वाजतं. १० डीबीच्या वर उचलायची वेळ आली तर पंखा, जनरेटर, पावसाळ्यात खानापूरकडच्या पत्र्याच्या सभागृहातला पाऊस, हेही तितकेच वर येतात. तिथे थोडं कमी ऐकू आलेलं परवडतं, खाली अक्षरं द्या.

हाताने एवढं झाल्यावर इफेक्ट. पहिला लो-कट (खालचे, घुमणारे आवाज कापणारा), ८० ते १०० हर्ट्झवर: वारा, व्यासपीठावरची पावलं, जनरेटरची घरघर बरीच जाते. बाईचा आवाज असेल तर १२० पर्यंत नेला तरी चालतो. विजेची गुणगुण मात्र लो-कटने पुरती जात नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्या पटी १०० आणि १५० वर भाषणाच्या आवाजातच मिसळलेल्या असतात. त्यासाठी डी-हमर लावा. नॉइज रिडक्शन घ्यायचंच असेल तर कंप्रेसरच्या आधी आणि बेताने. आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटू लागला की मागे या.

कंप्रेसरची सुरुवात ३ ला १ या प्रमाणाने करा. अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १० मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १०० ते १५०. थ्रेशोल्ड (ज्या पातळीपासून दाबणं सुरू होतं ती) इतका खाली आणा की जोरात उच्चारलेल्या शब्दांवर ३ ते ६ डीबीची घट दिसेल. अटॅक फार जलद ठेवला तर 'क', 'ट', 'प' बोथट होतात. रिलीज फार जलद असेल तर दोन शब्दांमधल्या फटीत पंख्याचा आवाज उसळी मारतो आणि वक्त्याला धाप लागल्यासारखं वाटतं.

साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घेतली असेल तर

सगळ्यात चांगला आवाज इथूनच मिळतो आणि सगळ्यात जास्त घोळही इथेच होतो. मिक्सरमधून लाइन लेव्हल येते, माइकच्या सिग्नलपेक्षा कितीतरी जोरदार. ती कॅमेऱ्याच्या माइक इनपुटला दिली की आवाज रेकॉर्ड होतानाच फाटतो. टाइमलाइनवर तरंगाचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट दिसले तर ओळखा. लेव्हल कितीही खाली आणली तरी फाटलेला आवाज फाटलेलाच राहतो, फक्त हळू ऐकू येतो. डी-क्लिप इफेक्टने थोडी मलमपट्टी होते. खरा उपाय रेकॉर्डिंगच्या वेळचा आहे: कॅमेऱ्यात इनपुट 'लाइन'वर करायचा, ती सोय नसेल तर मधे पॅड (सिग्नल कमी करणारा भाग) असलेली वायर लावायची.

दुसरी गोष्ट, मिक्सरमध्ये फक्त माइकवरचा आवाज असतो. टाळ्या नाहीत, हशा नाही, सभागृह ओस पडल्यासारखं वाटतं. म्हणून कॅमेऱ्याच्या माइकचा ट्रॅक १२ ते १५ डीबी खाली ठेवून सोबत चालवा आणि टाळ्यांच्या जागी वर आणा. पण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कॅमेरा स्पीकरपासून ३० मीटर मागे असेल तर त्याच्या माइकवर आवाज ९० मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेमहून थोडं जास्त. हे न सरकवता दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले की विहिरीत बोलल्यासारखा घुमा येतो. कॅमेऱ्याचा ट्रॅक दोन फ्रेम आधी, म्हणजे डावीकडे, ओढा, मिक्सरचा ट्रॅक चित्राशी जुळलेला असेल तर तो हलवू नका.

भाषणाखालचं संगीत

बहुतेक व्हिडिओंत संगीत जास्त असतं. ज्याने गाणं निवडलं त्याला ते आवडलेलं असतं, म्हणून ते खाली करवत नाही! भाषणाची शिखरं उणे ८ च्या आसपास असतील तर खालच्या संगीताची उणे २६ ते उणे २८ वर हवीत. नुसतं चित्र चालू असेल तेव्हा संगीत उणे १४ पर्यंत येऊ द्या. शब्द असलेलं गाणं बोलण्याखाली चालतच नाही, तिथे नुसतं वाद्यसंगीत घ्या. तरीही शब्द दबत असतील तर लेव्हल आणखी पाडण्याआधी संगीतात २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ३-४ डीबी कमी करून पाहा. व्यंजनं तिथेच ऐकू येतात.

वर-खाली करायला क्लिपच्या आवाजाच्या रेघेवर चार बिंदू लागतात: उतार सुरू, उतार संपला, चढ सुरू, चढ संपला. प्रीमियरमध्ये कंट्रोल दाबून क्लिक, रिझॉल्व्हमध्ये ऑल्ट दाबून क्लिक. शब्द सुरू होण्याच्या अर्धा सेकंद आधी उतार पुरा व्हावा आणि शब्द संपल्यावर चढ सेकंदभर घेत यावा. चढ घाईने आला तर वाक्याचं शेपूट खातो. मोबाइलवर काम करणाऱ्यांना काइनमास्टर ॲपमध्ये असे बिंदूही मिळतात आणि आपोआप होणारं डकिंगही (बोलणं आलं की संगीत खाली जाणं). आपोआप प्रकारात वक्त्याने श्वास घेतला तरी संगीत डोकं वर काढतं. तसं झालं तर पुन्हा वर यायला लागणारा वेळ वाढवा, नाहीतर सरळ हाताने करा.

सीमाभागात आणखी एक प्रसंग वारंवार येतो: पाहुणे कन्नडमध्ये बोलतात आणि वर मराठी निवेदन टाकायचं असतं. रीत अशी की मूळ आवाज दीड-दोन सेकंद पूर्ण ऐकवायचा, मग खाली नेऊन त्यावर निवेदन सुरू करायचं. इतरत्र मूळ आवाज १२ डीबी खाली ठेवला तरी भागतं, कारण ऐकणाऱ्याला ती भाषा समजत नसते. इथल्या माणसाला दोन्ही समजतात. त्याचं लक्ष दोन वाक्यांत विभागतं आणि हातात एकही लागत नाही. म्हणून मूळ कन्नड १८ ते २० डीबी खाली न्या. त्याहून बरं, निवेदन टाळा आणि कन्नड आवाज तसाच ठेवून खाली मराठी ओळी द्या. पाहुण्यांचा आवाज राहतो आणि मिक्सिंगचं कामही वाचतं.

ढोल, हलगी आणि मिरवणूक

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत मोबाइलवर घेतलेल्या चित्रणात मोबाइल स्वतःच लेव्हल वर-खाली करत असतो. ढोल पडला की सगळं दाबतो, ढोल थांबला की गर्दीचा गोंगाट उचलतो. हा हिंदकळा एडिटमध्ये पुरता जात नाही. त्याच ठिकाणचा सलग, थोडा लांबून घेतलेला ढोलाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर टाका, त्यावर चित्रांचे तुकडे बदला आणि मोबाइलचा मूळ आवाज काढून टाका. म्हणून मिरवणुकीत निदान दोन मिनिटं फोन न हलवता एका जागी धरून ठेवलेलं रेकॉर्डिंग हवंच.

हलगी-ढोलाला भाषणासारखा कंप्रेसर लावू नका. त्यांचा दणका शिखरातच असतो, शिखर दाबलं की पत्र्याचा डबा उरतो. कुस्तीच्या मैदानावर समालोचन सुरू असताना हलगी ८ ते १० डीबी खाली आणा. डाव पडला, कुस्ती चितपट झाली, की समालोचन थांबवून तिला पूर्ण वर सोडा. मुलाखतीतून मिरवणुकीत जाताना ढोल चित्राच्या आधी पाऊण सेकंद हळू सुरू करा, म्हणजे कान तयार होतो. ढोलाचं सरासरी मोठेपण (कानाला जाणवणारा आवाज) भाषणापेक्षा ३-४ डीबीने जास्त असलं तर उत्साह पोचतो, त्याहून जास्त झालं की बटणाकडे हात जातो.

शेवटचं माप

सगळं जुळल्यावर पूर्ण व्हिडिओचं सरासरी मोठेपण मोजायचं, त्याचं एकक एलयूएफएस. रिझॉल्व्हच्या फेअरलाइट या आवाजाच्या पानावर त्याचं मीटर आहे, प्रीमियरमध्ये लाउडनेस मीटर हा इफेक्ट सगळे आवाज एकत्र येतात त्या मास्टर (नव्या आवृत्तीत 'मिक्स') ट्रॅकवर लावायचा. मीटर शून्यावर आणून व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवा, मधला तुकडा मोजून उपयोग नाही. यूट्यूब साधारण उणे १४ च्या वरचा व्हिडिओ स्वतः खाली आणतं, पण खालचा वर उचलत नाही. म्हणून उणे १६ ते उणे १४ मधे थांबा. उणे १९ आलं तर मास्टर ४ डीबी वाढवा आणि शेवटी उणे १ वर लिमिटर (आवाज त्या रेषेपलीकडे जाऊ न देणारा इफेक्ट) ठेवा. लिमिटर सतत ४-५ डीबी दाबत असेल तर दोष मास्टरचा नाही, एखादा ढोल किंवा टाळ्यांचा तुकडा सुटला आहे, तो शोधून खाली करा. टीव्ही वाहिनीला द्यायचा असेल तर तिचं माप विचारून घ्या. युरोपीय प्रसारण मानक उणे २३ चं आहे, म्हणजे यूट्यूबच्या मापापेक्षा ९ डीबी खाली. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रतीसाठी लिमिटर उणे २ वर घ्या, पुन्हा पुन्हा दाबल्या जाणाऱ्या फाइलमध्ये शिखरं थोडी उसळतात.

एक्सपोर्ट झालेली फाइल एका स्पीकरच्या साध्या मोबाइलवर ऐका. हेडफोनमध्ये भाषण ठीक, थोडं पोकळ, आणि मोबाइलवर जवळजवळ गायब, असं झालं तर मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटमधून चुकीच्या वायरने आवाज आला आहे. डाव्या आणि उजव्या बाजूला एकच आवाज उलटसुलट गेलेला असतो आणि एका स्पीकरमध्ये दोन्ही एकमेकांना खोडतात. क्लिपच्या ऑडिओ चॅनेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त डावा चॅनेल ठेवा, तोच दोन्ही बाजूंना द्या आणि फाइल पुन्हा एक्सपोर्ट करा.