'स्टार वॉर्स' घरी कापायला घेताय? आधी कान लावा

1977च्या 'स्टार वॉर्स' या अंतराळपटावर घरच्या संगणकात कात्री चालवणारे चाहते जगभर आहेत. कुणी 1997च्या 'स्पेशल एडिशन' या बदललेल्या आवृत्तीत घुसवलेली दृश्यं काढतो, कुणी वगळलेली परत जोडतो. तुम्हालाही हात साफ करायचा असेल तर आधी एका वाक्यात लिहा, नेमकं काय बदलायचंय? 'पिक्चर अजून भारी करायचाय' हे उत्तर चालणार नाही. 'जब्बा या गुंडाचं दृश्य काढायचंय' हे चालेल.

नवशिक्याला मी तेच दृश्य देईन. हान सोलो या तस्कराने माल वाटेत टाकून दिला आणि जब्बा त्याच्यावर खवळलाय, हे इनामासाठी माणसं पकडणाऱ्या ग्रीडोच्या तोंडून आपण ऐकलेलं असतं. 1997च्या आवृत्तीत थोड्याच वेळात जब्बा स्वतः येऊन जवळपास तेच बोलतो. ते काढलं तर कथेचं काही बिघडत नाही.

आता साहित्य. स्वतः विकत घेतलेली ब्लू-रे हवी. डिस्कचं डिजिटल कुलूप तोडण्यावर अमेरिकेत 1998च्या कायद्याने बंधन आहे, आपल्या कॉपीराइट कायद्यातही 2012पासून त्याबद्दल कलम आहे. ते वाचून ठरवा. केलेला एडिट विकायचा नाही, हा चाहत्यांचा जुना दंडक. सॉफ्टवेअर म्हणून 'डाविंची रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्ती पुरते. प्रोजेक्ट उघडल्या उघडल्या फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, 23.976 करा. मी एकदा 24 ठेवला आणि आवाज वेगळा काढून जोडला. शेवटाला पोचेपर्यंत ओठ आणि शब्द यांच्यात सात सेकंदांची फारकत!

चित्र कापणं सोपं असतं. खरी परीक्षा संगीताची. संगीतकार जॉन विल्यम्स यांनी ते दृश्यांच्या लांबीला बेतून लिहिलंय, त्यामुळे दहा सेकंद उडवले की सूर मध्येच ठेचकाळतो आणि चोरी पकडली जाते. 5.1च्या, म्हणजे चहूबाजूंनी ऐकू येणाऱ्या आवाजाच्या, ट्रॅकमध्ये सहा चॅनल असतात. संवाद बहुतेक सेंटरला, म्हणजे मधल्या चॅनलला, संगीत मुख्यतः डाव्या-उजव्या बाजूला, पण तिथे स्फोट आणि इंजिनंही मिसळलेली. म्हणून कापण्याआधी सेंटर बंद करून ते दृश्य ऐका. काय उरतं ते कळलं की कट कुठे बसेल तेही कळतं. चित्र आणि आवाज एकाच फ्रेमवर तोडू नका. आधीच्या दृश्याचा आवाज पुढच्यावर थोडा सांडू द्या. संगीत ठेक्यावर कापा, आणि सांधा ब्लास्टर बंदुकीच्या किंवा दाराच्या आवाजाखाली लपवा.

संगीत बदलून पाहायचं असेल तर दोन सूर्यांचा मावळतीचा प्रसंग घ्या. विल्यम्स यांनी त्यासाठी आधी वेगळी रचना केली होती, ती 1997च्या साउंडट्रॅक संचात ऐकायला मिळते. नायक ल्यूक क्षितिजाकडे बघत उभा असताना संवाद एकही नाही, त्यामुळे मूळ आवाज पूर्ण बंद करून ही रचना ठेवता येते. मात्र वाळवंटातला वारा आसपासच्या शॉटमधून उचलून खाली पसरा, नाहीतर सगळं निर्जीव वाटतं. मला विचाराल तर पडद्यावरची रचनाच सरस आहे. पण का सरस, ते दुसरी लावून बघितल्यावरच उमगलं.

2011च्या ब्लू-रे संचात ल्यूक आणि त्याचा मित्र बिग्स यांची वगळलेली दृश्यं आहेत. ती सुरुवातीला जोडायचा मोह सगळ्यांना होतो. जरा थांबा. अंतराळातली चकमक चालू असताना मध्येच ल्यूकच्या टॅटूइन या वाळवंटी ग्रहावर गेलात, तर चकमकीचं अखंड वाहणारं संगीत दर वेळी तोडावं लागेल, आणि जोडलेल्या तुकड्यांसाठी संगीतच नाही. शिवाय पहिली पंधरा-एक मिनिटं आपण दोन यंत्रमानवांबरोबर भटकतो, ती गंमतही जाईल.

काम झालं की एक्स्पोर्ट करा, दोन दिवस फाइल उघडू नका. मग टीव्हीवर लावून प्रत्येक सांध्याच्या अर्धा मिनिट आधी डोळे मिटा. कट ऐकू आला तर तिथली नोंद करा आणि सांधा दोन-चार फ्रेम मागे-पुढे सरकवून पुन्हा ऐका.