चार दिवसांसाठी आलेला माणूस: सांगलीतल्या रेस्पाइट केंद्रातले माझे दिवस

विशेष शिक्षणाचं डी.एड. करून मी सांगलीतल्या एका निवासी केंद्रात लागले, तेव्हा माझ्या पिशवीत चित्रांची कार्डं, रंगीत मणी आणि लाकडी ठोकळे होते. पहिल्या सकाळी तिथल्या मावशींनी माझ्या हातात बादली दिली. "मॅडम, शिकवायचं मागनं बघू. आधी आंघोळी आवरा." मला राग आला होता. आता मी नव्या मुलींच्या हातात स्वतःच बादली देते.

आमच्याकडे कायम राहणारे लोक होते आणि रेस्पाइटला येणारेही. रेस्पाइट म्हणजे घरात बौद्धिक अक्षमता असलेलं माणूस आहे, त्याला सांभाळणाऱ्याला चार-आठ दिवसांची उसंत मिळावी म्हणून त्याला तेवढ्यापुरतं ठेवून घ्यायचं. आईचं मिरजेत ऑपरेशन असतं, घरात लग्न असतं. तासगाव-पलूसकडची घरं ऑक्टोबरच्या द्राक्षछाटणीला येतात, कारण तेव्हा घरातलं झाडून सगळं माणूस बागेत असतं. काही जणी नुसत्या झोपायला म्हणून चार दिवस मागतात, पण तसं सांगत नाहीत. "पाव्हण्यांकडं जायचंय" म्हणतात. त्यांना खोदून विचारू नका.

या कामात मी जी सगळ्यात मोठी चूक केली, ती आधी सांगते.

तिशीतला एक दादा आला होता. बोलणं जवळजवळ नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं ताट भिरकावलं, तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताला चावला. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'आक्रमक, हट्टी'. अक्षर छान होतं माझं. संध्याकाळी आईचा फोन आला, तेव्हा मी तक्रारीच्या सुरातच सांगितलं. ती पलीकडून शांतपणे म्हणाली, "आवं ताई, संडासला झालीया का त्याला? दोन-तीन दिस न्हाई झाली की त्यो आसंच करतोय."

मी रजिस्टर उघडलं. संडासच्या रकान्यात तिन्ही दिवस टिक. मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "ती तर रात्री सगळ्यांची एकदम मारतात." म्हणजे रकाने भरले होते आणि माणूस तीन दिवस पोट धरून बसला होता. डॉक्टरांना बोलावलं, औषध झालं, दुसऱ्या दुपारी तो स्वतःहून ताट घेऊन ओळीत उभा राहिला.

कमी हालचाल, कमी पाणी आणि काही औषधं यांमुळे या लोकांना बद्धकोष्ठ फार होतो. दाढ दुखते, कान ठणकतो, पण सांगायला शब्द नसतो. मग अंग बोलतं आणि आपण त्याला 'वागणूक' म्हणतो. तेव्हापासून 'हट्टी', 'आक्रमक', 'मुद्दाम करतो' हे शब्द मी रजिस्टरमधून काढून टाकलेत. ताट फेकलं तर लिहायचं: किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं, नंतर काय झालं. तीन ओळी. चार दिवसांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की कारण बऱ्याचदा आपोआप दिसतं.

कायमच्या माणसाला ओळखायला वर्ष मिळतं, रेस्पाइटच्या माणसाला ओळखायला तेवढा वेळच नसतो. म्हणून त्याला सोडायला आलेल्या आईबरोबरचा पहिला तास सगळ्यात महत्त्वाचा. कार्यालयात हा तास आधारची झेरॉक्स आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, यांतच जातो. ते काम क्लार्कवर सोडा आणि तुम्ही आईजवळ बसा. "त्याला काय आवडतं?" असं विचारू नका, सगळ्या आया "काहीबी खातोय" म्हणतात. "काल सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत काय काय केलं, ते सांगा" म्हणा. मग कळतं की तो भाकरी दुधात कुस्करूनच खातो, दिवा बंद केला की ओरडतो, डोक्यावरून पाणी घेतलेलं खपत नाही. दुखलं की काय करतो, हे मात्र थेट विचारा.

औषधं बहुतेक वेळा दुकानाच्या पिशवीत सुटी येतात. चिठ्ठी नसेल तर नातेवाईक असतानाच डॉक्टरांना फोन लावा, ते एसटीत बसल्यावर नाही. फिटच्या गोळीची वेळ चुकवायची नाही. एक डोस हुकला तरी झटका येऊ शकतो. गोळी केळ्यात किंवा शिऱ्यात कुटून द्यायची पद्धत सगळीकडे आहे, पण नावापुढे 'सीआर' असलेली गोळी कुटू नका. ती पोटात हळूहळू सुटावी अशी बनवलेली असते, कुटली की सगळं औषध एकदम उतरतं. आणि फिट आली तर कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा तर अजिबात नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. मी घड्याळ बघायला सांगितलं, तेव्हा एक शिपाईकाका मला निर्दय म्हणाले होते.

मुलाखतीला जाल तेव्हा इमारत बघून भुलू नका. चकचकीत फरशी आणि १५ ऑगस्टचे फोटो सगळ्यांकडे असतात. रात्री ड्युटीला किती माणसं असतात, ते विचारा. आंघोळीच्या वेळी एक चक्कर मारा. न्हाणीघराचं दार लावलेलं असतं का? पुरुषांना आंघोळ घालायला पुरुष कर्मचारी आहे का? चाळिशीच्या, मिशा असलेल्या माणसाला 'आमची मुलं' म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यात माया असते, कबूल. पण त्याच सवयीनं दार उघडं राहतं.

शिक्षेचंही बोलायला हवं. मी आधी एका ठिकाणी महिनाभर होते. तिथं गोंधळ घालणाऱ्याचं रात्रीचं जेवण बंद व्हायचं, त्याला शिस्त म्हणत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९२ प्रमाणे, ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्न-पाणी न देणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. मी नुसती नोकरी सोडली. आज सोडली नसती, आधी लेखी दिलं असतं.

शिक्षक म्हणून लागायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिची नोंदणी लागते. पालक तुम्हाला दोन गोष्टी हमखास विचारतील, त्यांची उत्तरं पाठ ठेवा. एक, राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची 'निरामय' आरोग्य विमा योजना: वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण. दुसरी, १८ वर्षं पूर्ण झाल्यावर आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. पगाराचं विचाराल तर कमी आहे. बहुतेकजणी त्यामुळेच सोडतात, कामामुळे नाही.

पावसाळ्यात सांगलीत सगळ्यांचे कान कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे असतात. तिथं पाण्याची पातळी मोजतात: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ चा पूर पाहिलेल्या मावशी पाणी ३५ फुटांवर असतानाच पिशव्या भरतात. प्रत्येकाच्या पिशवीत औषधं आणि चार ओळींचं कार्ड: नाव, गोळ्या, कशाला घाबरतो, दुखलं की काय करतो. कायमच्या लोकांची कार्डं पाठच असतात. परवाच आलेल्याचं कार्ड मात्र लिहिलेलं हवं, कारण धावपळीत त्याचा हात कुणाच्या हातात असेल, सांगता येत नाही.

त्या दादाची आई पाचव्या दिवशी आली. आधी त्याची नखं बघितली, मग कानामागं, मग शर्ट वर करून पाठ. मी गप्प उभी होते. परत देताना मी तिला चार दिवसांचा कागद दिला: काय खाल्लं, किती झोपला, संडास कधी, आणि तीन दिवस आमच्या लक्षात आलं नाही हेसुद्धा. तिनं तो शेजारच्या मुलाकडून वाचून घेतला, घडी घालून कमरेला खोचला. गेटपर्यंत गेली आणि वळली.

"माघात थोरलीचं लगीन हाय. तवा आठ दिस ठिवाल का?"

मी रजिस्टर आणायला आत गेले.