वर्षभरातल्या दिवंगतांची यादी करताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की सोसायटीच्या वार्षिक अंकापासून स्पर्धा परीक्षेच्या चालू घडामोडींपर्यंत सगळीकडे ‘यांना आपण मुकलो’ हे पान लागतं. ते बहुतेक वेळा सगळ्यांत नवख्या माणसाच्या गळ्यात पडतं, कारण काम सोपं वाटतं: नाव, फोटो, तारीख, दोन ओळी. आणि दरवर्षी त्याच चुका छापून येतात. खालची उदाहरणं बहुतेक २०२४ सालची आहेत. त्या एका वर्षात जवळपास प्रत्येक चुकीचा नमुना सापडतो.

बातमीची तारीख निधनाची म्हणून लावणे

ही सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत हट्टी चूक. अमीन सयानी गेले २० फेब्रुवारीच्या संध्याकाळी, बातमी लोकांपर्यंत पोचली २१ तारखेला, आणि यादीत २१ पडली. रतन टाटा ९ ऑक्टोबरला रात्री उशिरा ब्रीच कँडी रुग्णालयात गेले. बहुतेकांना कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, अंत्यदर्शन आणि अंत्यसंस्कारही १० तारखेलाच झाले, म्हणून अर्ध्या याद्यांत १० ऑक्टोबर. सुझुकी मोटरचे ओसामू सुझुकी २५ डिसेंबरला वारले, पण कंपनीने ते जाहीर केलं २७ ला.

उस्ताद झाकिर हुसेन यांच्या नोंदीवर तर अजून वाद घातला जातो. १५ डिसेंबरच्या रविवारी रात्री भारतात त्यांच्या निधनाची बातमी पसरली. मोठमोठ्या माध्यमांनी ती चालवली, श्रद्धांजलीचे संदेश सुरू झाले. तेवढ्यात कुटुंबाकडून खुलासा आला की ते अत्यवस्थ आहेत, पण हयात आहेत. बातम्या मागे घेतल्या गेल्या. खरी, कुटुंबाने दिलेली बातमी आपल्याकडे सोमवारी, १६ तारखेला आली. आता यादी करणारे दोन गटांत पडतात. एक गट म्हणतो १६, कारण पक्की बातमी तेव्हाची. दुसरा म्हणतो १५, कारण ‘रविवारीच तर आली होती’. दुसऱ्या गटाची तारीख बरोबर आणि कारण साफ चूक. उस्ताद सॅन फ्रान्सिस्कोत गेले, आणि डिसेंबरात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं. आपल्याकडे सोमवार उजाडला तेव्हा तिथे अजून रविवार, १५ तारीखच होती. रविवार रात्रीची आपली बातमी मात्र खोटीच होती. ती आली तेव्हा तिथे सकाळ होती आणि माणूस जिवंत होता. तारीख जुळली म्हणून ते कात्रण पुरावा म्हणून चिकटवू नका.

नियम एकच: माणूस जिथे गेला तिथल्या घड्याळाची तारीख. पेले गेले त्याची बातमी आपण ३० डिसेंबर २०२२ ला वाचली, पण नोंद २९ चीच.

उपाय म्हणाल तर नावापुढे एक नव्हे, चार रकाने पाडा: निधन, ठिकाण, बातमी, अंत्यसंस्कार. पहिले दोन भरल्याशिवाय नाव पक्क्या यादीत घ्यायचं नाही. निधनाचा रकाना कुटुंब, रुग्णालय किंवा संस्थेच्या निवेदनावरूनच भरायचा. शंका असेल तर दुसऱ्या नव्हे, तिसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र पाहा; दुरुस्त्या तिथे सापडतात. फोनवर दिसत नसेल तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी जाऊन जुने अंक चाळा. दादरला उतरायचा कंटाळा येतो, हे कारण नव्हे. वार्षिक यादीला दोन दिवस थांबता येतं. ‘आम्हीच पहिले’ म्हणत नाव टाकायची घाई कशासाठी, हे न उलगडणारं कोडं आहे.

वय

‘वयाच्या ८६व्या वर्षी रतन टाटा यांचे निधन.’ हे वाक्य चूक आहे, आणि ते हजारदा छापलं गेलंय. टाटांचा जन्म २८ डिसेंबर १९३७ चा. २०२४ मधून १९३७ वजा केले तर ८७ येतात, पण वाढदिवस अजून अडीच महिने दूर होता. म्हणजे पूर्ण झाली ८६ वर्षं, चालू होतं ८७वं. ‘ते ८६ वर्षांचे होते’ बरोबर. ‘वयाच्या ८७व्या वर्षी’ हेही बरोबर. ‘८६व्या वर्षी’ म्हटलं की माणसाचं एक वर्ष कमी केलंत.

आता श्याम बेनेगल. जन्म १४ डिसेंबर १९३४, निधन २३ डिसेंबर २०२४. वाढदिवस होऊन नऊ दिवस झालेले. नव्वद पूर्ण, एक्क्याण्णवावं चालू. इथे नुसती सालांची वजाबाकी बरोबर उत्तर देते, आणि घात तिथेच होतो. चार नावांत ती जमली की माणूस पाचव्यात वाढदिवस बघतच नाही. गायिका प्रभाताई अत्रे: १३ सप्टेंबर १९३२ ते १३ जानेवारी २०२४. वजाबाकी ९२ सांगते, वय ९१. ‘व्या वर्षी’ची भानगडच नको असेल तर सरळ ‘वय ९१’ लिहा आणि सगळ्या पानावर तेच ठेवा.

बाकीच्या चुका

संस्थापक हा शब्द फुकट वाटू नका. १५ जुलैला सुभाष दांडेकर गेले तेव्हा ‘कॅम्लिनचे संस्थापक’ सगळीकडे झळकलं. कॅम्लिनची सुरुवात १९३१ ची, दिगंबर परशुराम दांडेकरांच्या हातची. सुभाष दांडेकर तेव्हा जन्मलेलेही नव्हते. त्यांनी ती वाढवली, हे लिहिण्यात काही कमीपणा नाही.

आडनावावरून अंत्यविधी ठरवू नका. टाटा पारशी म्हणून ‘डुंगरवाडी’ (मुंबईतली पारशांची अंत्यविधीची जागा) लिहून मोकळे होणारे आहेत. त्यांचे अंत्यसंस्कार वरळीच्या स्मशानभूमीत शासकीय इतमामात झाले. ‘कै.’ सरसकट लावू नका. ‘दिवंगत’ सगळ्यांना चालतं.

राशिद खान शोधलं की अफगाण गोलंदाज समोर येतो. ९ जानेवारीला गेले ते गायक.

‘पद्मश्री अमुक तमुक’ असं नावाआधी लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगून ठेवलंय. आणि मनोहर जोशी, पंकज उधास यांचं पद्मभूषण जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं, म्हणजे मरणोत्तर. तसं लिहा.

निवडीबद्दल. २०२४ च्या २० ते २६ फेब्रुवारी या सात दिवसांत सयानी, फली नरिमन, जोशी आणि उधास गेले: रेडिओ, कायदा, राजकारण, गझल. असं वर्ष हाताशी असूनही पानावर दहांपैकी आठ चेहरे सिनेमाचे दिसतात. आधी क्षेत्रं लिहा, मग नावं. विज्ञानात पीटर हिग्ज, नृत्यात यामिनी कृष्णमूर्ती, क्रिकेटमध्ये अंशुमन गायकवाड, आणि मुंबईतच २९ ऑगस्टला गेलेले वकील-लेखक ए. जी. नूराणी. मनमोहन सिंग यांच्यापुढे ‘माजी पंतप्रधान’ पुरेसं आहेच, पण मुंबईच्या वाचकासाठी रिझर्व्ह बँकेचं गव्हर्नरपद (१९८२-८५) एका ओळीत बसतं.

शेवटची, आळसाची चूक: पान १५ डिसेंबरच्या आधीच बंद करणे. २०२४ मध्ये तसं केलेल्यांच्या हातून झाकिर हुसेन, बेनेगल, एम. टी. वासुदेवन नायर, मनमोहन सिंग आणि जिमी कार्टर एवढे सुटले. दिवाळी अंकवाल्यांना तर सप्टेंबरातच छपाईला जावं लागतं. त्यांनी ‘२०२४’ असं न लिहिता ‘गेल्या दिवाळीपासून’ लिहावं. बाकीच्यांनी ३१ तारखेपर्यंत दोन जागा मोकळ्या ठेवाव्यात. अणुशास्त्रज्ञ राजगोपाल चिदंबरम मुंबईत गेले ४ जानेवारी २०२५ ला. मागच्या वर्षाचं प्रूफ हातात असलं तरी ते नाव त्यात घुसडायचं नाही. त्याच दिवशी नव्या वर्षाची फाइल उघडायची, नाहीतर पुढच्या डिसेंबरात जानेवारीतली माणसं कुणालाच आठवत नाहीत.