लिनक्सवर नेट गेलं? लिनक्सला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात कळव्याच्या एका काकांचा फोन आला. "अरे, तू संगणकात टाकून दिलेल्या त्या लिनक्सचं नेट गेलं बघ. विंडोजवर असं कधी झालं नव्हतं."

मी पोहोचेपर्यंत काकांनी काय काय करून ठेवलं होतं ते ऐका. राउटर तीनदा बंद-चालू केला. भाच्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेले डीएनएसचे (साइटचं नाव आकडी पत्त्यात बदलून देणाऱ्या सर्व्हरचे) आकडे टाकले. आयपी, म्हणजे संगणकाचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता, हाताने भरला. एका व्हिडिओत बघून टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चार ओळी चिकटवल्या, त्यांपैकी दोन सुडोसकट, म्हणजे मशीनचे पूर्ण अधिकार देऊन. मूळ बिघाड काय निघाला? खिडकीतून आत येणाऱ्या लॅन केबलच्या जॅकमधल्या पिना ओल धरून हिरवट पडल्या होत्या. नवीन जॅक क्रिम्प करायला (दाबून बसवायला) पाच मिनिटं लागली. काकांनी केलेले बदल शोधून पूर्ववत करायला दीड तास.

ठाणे-नवी मुंबईत ओळखीपाळखीच्या लोकांना जुन्या मशीनवर मिंट किंवा उबुंटू (हे लिनक्सचेच प्रकार) टाकून द्यायचा मला नाद आहे, त्यामुळे असे फोन येतच असतात. बिघाड दरवेळी वेगळा असतो, चुका मात्र त्याच त्याच. एक सूचना आधीच देतो: आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना रोमन लिपीतली लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे.

न बघताच हात घालणं

ही सगळ्यांत मोठी चूक, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबतो. 'नेट गेलं' म्हणजे नक्की कुठे गेलं? जॅकपासून वेबसाइटपर्यंत पाच पायऱ्या आहेत. खालून वर चढत जायचं आणि जिथे पाय अडखळतो तिथेच थांबायचं.

त्याही आधी मोबाइल त्याच वाय-फायवर लावून बघा, मोबाइल डेटा बंद करून. मोबाइललाही नेट नसेल तर संगणकाला हात लावू नका. तुमच्या लिनक्सचा काही दोष नाही.

मोबाइल चालतोय आणि संगणक नाही, असं असेल तर टर्मिनल उघडा. पहिली पायरी 'आयपी लिंक'. ज्या नेटवर्क कार्डाने जोडणी आहे त्याच्यापुढे 'स्टेट अप' दिसलं पाहिजे. 'नो-कॅरियर' दिसलं तर वायर, जॅक किंवा पलीकडचा पोर्ट मेला आहे. दुसरी पायरी 'आयपी ए'. इथे १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरने पत्ता दिलाय. १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला, तर मशीनने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून स्वतःच एक ठरवून घेतला. असल्या पत्त्यावर नेट चालत नाही. तिसरी पायरी 'आयपी राउट'. 'डीफॉल्ट व्हाया' नंतर येतो तो राउटरचा पत्ता, त्याला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघा. चौथी, बाहेरचा एखादा आकडी पत्ता: 'पिंग १.१.१.१'. पाचवी, एखाद्या साइटला नावाने पिंग.

राउटरपर्यंत जातं पण १.१.१.१ ला जात नाही? मग घोळ राउटरच्या पलीकडे, नाहीतर संगणकातल्या अर्धवट बंद पडलेल्या एखाद्या व्हीपीएनमध्ये (सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरवरून वळवणाऱ्या सोयीत). आकडी पत्त्याला जातं पण नावाला नाही? डीएनएस. नावालाही जातं पण ब्राउझर उघडत नाही? घड्याळ बघा. जुन्या मशीनमधला नाण्यासारखा सेल संपला की तारीख कुठल्या कुठे मागे जाते आणि प्रत्येक साइट प्रमाणपत्राच्या नावाने ओरडायला लागते. नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये याच कारणाने दोन दिवस 'नेट बंद' होतं.

या पाच पायऱ्यांना दोन मिनिटंही लागत नाहीत. काकांनी एवढं केलं असतं, तर पहिल्याच पायरीवर 'नो-कॅरियर' दिसलं असतं आणि डीएनएस, आयपी वगैरे बिचारे वाचले असते.

ईटीएच० शोधत बसणं

जुन्या लेखांत सगळीकडे 'इफकॉन्फिग' ही आज्ञा आणि 'ईटीएच०' हे कार्डाचं नाव असतं. २०१३ पासून सिस्टमडीने (लिनक्स सुरू करून त्यातल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामने) कार्डांना जागेप्रमाणे नावं द्यायची पद्धत आणली, म्हणून आता 'ईएनपी३एस०' किंवा 'डब्ल्यूएलपी२एस०' अशी नावं दिसतात. 'ई' म्हणजे वायरचं, 'डब्ल्यूएल' म्हणजे वायरलेस. 'इफकॉन्फिग'ची आज्ञाच सापडत नाही म्हणून कार्ड खराब झालं असं मानणारे भेटलेत मला. ती आज्ञा ज्या पॅकेजात येते ते हल्ली बऱ्याच ठिकाणी मुळात बसवलेलंच नसतं, बाकी काही नाही.

वायर लागली म्हणजे झालं, असं समजणं

कोपरखैरण्याच्या एका घरातली गोष्ट. प्लॅन २०० एमबीपीएसचा, स्पीड टेस्ट मात्र सकाळ-संध्याकाळ ९४ च्या आसपास. केबलवाल्याशी भांडणं झाली, राउटर बदलला, शेवटी 'लिनक्सचा ड्रायव्हरच स्लो' असा निकाल लागला. हा ९४ आकडा दिसला की माझे कान टवकारतात. १०० एमबीपीएसच्या लिंकवरून प्रत्यक्षात हाती येतात ते साधारण तेवढेच.

'सुडो ईथटूल ईएनपी३एस०' (शेवटी आपल्या कार्डाचं नाव) दिलं. स्पीड: १००. लिंक डिटेक्टेड: येस. म्हणजे लिंक होती, पण अर्धीच. केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला चारच पुरतात, पिन १, २, ३ आणि ६ वरच्या. गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) आठही लागतात. जॅक प्रकाशात धरून पाहिला, तर निळी आणि तपकिरी जोडी कापून बाहेरच सोडलेली. वायरिंग करणाऱ्याने त्या दोन जोड्या दुसऱ्या खोलीतल्या फोनसाठी वळवल्या होत्या. म्हटलं तर हुशारीच.

नवीन जॅक मारताना आपल्याकडे बहुतेक जण वापरतात तो क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी बसते, आणि नवखा माणूस तिथेच चुकतो. दोन्ही टोकांना रंग जुळले म्हणून स्वतःचाच क्रम लावला, तर जोड्यांचा पीळ मोडतो आणि लांब केबलवर लिंक रडायला लागते. केबल घेताना आतली तार तांब्याची आहे ना, तेही विचारा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार दोनचारदा वाकली की आतल्या आत तुटते, आणि वरून केबल धडधाकट दिसते.

खिडकीबाहेरून आत येणाऱ्या केबलला आत वळण्याआधी खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी जॅकपर्यंत न येता झोलावरून ठिबकून जातं. काकांच्या केबलला तो नव्हता.

दिसत नाही म्हणजे कार्ड मेलं, असं ठरवणं

वाय-फायचं चिन्हच गायब असेल तर आधी 'आरएफकिल लिस्ट'. 'सॉफ्ट ब्लॉक्ड: येस' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' ने सुटतं. 'हार्ड ब्लॉक्ड: येस' असेल तर लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा एफएन की बघा, कितीही आज्ञा दिल्या तरी ते सुटणार नाही. ऐरोलीच्या एका मुलीने विमानाचं चित्र असलेली की चुकून दाबली होती आणि त्यापायी सगळं लिनक्स नव्याने टाकलं होतं. नव्यातही वाय-फाय नव्हतंच.

तिथे सगळं ठीक असेल तर 'एलएसपीसीआय -के'. कार्डाचं नाव दिसतं पण खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नाही, म्हणजे कार्ड जिवंत आहे, ते चालवणारा ड्रायव्हर नाही. ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांचं हे नेहमीचं. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडला तर बहुतेक वेळा तिथेच मिळतो. ड्रायव्हर आहे पण फर्मवेअर (कार्डाच्या आत भरायचा प्रोग्राम) नाही, असंही होतं. 'सुडो डीएमईएसजी' मध्ये 'फर्मवेअर' शब्द शोधा, कुठली फाइल मिळाली नाही ते नावानिशी लिहिलेलं असतं. डेबियन (हाही लिनक्सचा एक प्रकार) वापरणाऱ्यांना हा त्रास फार व्हायचा, २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर येऊ लागलं.

आता ते वाय-फायचे छोटे यूएसबी डोंगल. लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात आणलेला डोंगल लावला आणि स्क्रीनवर सीडी ड्राइव्ह उमटली, असं झालं तर दचकू नका. त्यात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो, म्हणून तो आधी सीडीचं सोंग घेतो. 'यूएसबी-मोडस्विच' हे पॅकेज त्याला वाय-फायच्या रूपात आणतं. काही डोंगलांचा ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) नसतो, बाहेरून आणून बसवावा लागतो. मग एखाद्या सकाळी अपडेटमध्ये नवीन कर्नल येतो आणि वाय-फाय जातं. अशा वेळी मशीन सुरू होताना ग्रबच्या (काय सुरू करायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीतून मागचा कर्नल निवडा, तेवढ्यापुरतं काम चालतं. आणि ड्रायव्हर बसवल्यानंतर रीस्टार्टला जो निळा पडदा किल्ली नोंदवायला सांगतो, तो घाईत 'कंटिन्यू' करून पुढे ढकलू नका. सिक्युअर बूट (खात्री नसलेला प्रोग्राम सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल तर नोंद न झालेला ड्रायव्हर चालतच नाही.

पण नेटच नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कसा? अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो साध्या वायरच्या कार्डासारखा दिसतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. हे अनेकांना माहीतच नसतं याचं मला अजून नवल वाटतं.

रेंज फुल्ल म्हणजे वाय-फाय उत्तम

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही टॉवरमध्ये 'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट' देऊन बघा. यादी स्क्रीनभर येईल आणि निम्मे राउटर एकाच चॅनेलवर बसलेले दिसतील. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यांतल्या त्यात मोकळा असेल तो राउटरमध्ये ठरवून द्या. '३ वर कोणीच नाही' म्हणून ३ घेऊ नका, तिथे १ आणि ६ दोघांचाही गोंगाट ऐकू येतो. राउटर त्याच खोलीत असेल तर सरळ ५ गिगाहर्ट्झ. दोन भिंती मध्ये आल्या की मात्र ते दमतं.

दर काही मिनिटांनी तुटत असेल तर वीजबचत तपासा. उबुंटूत आणि त्यावरून निघालेल्यांत ती मुळातच चालू ठेवलेली असते आणि काही कार्डांना ती सोसत नाही. 'सुडो आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० सेट पॉवर_सेव्ह ऑफ' देऊन तासभर बघा. फरक पडला, तरच नेटवर्क मॅनेजरच्या (जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फ.डी फोल्डरातल्या वीजबचतीच्या फाइलमध्ये ३ च्या जागी २ लिहून कायमचं करा.

रिझॉल्व्ह.कॉन्फ हाताने लिहिणं

डीएनएस कुणाला विचारायचं ते लिहिलेली ही फाइल उघडली की आत १२७.०.०.५३ दिसतं आणि लोकांना वाटतं, काहीतरी बिनसलंय. बिनसलेलं नसतं. तो तुमच्याच मशीनमधला मध्यस्थ आहे, तो पुढे खऱ्या डीएनएसला विचारतो. खरा कोण, ते 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' सांगतं. ती फाइल हाताने बदलली तर रीस्टार्टनंतर जैसे थे. मग कुणीतरी शिकवतं की ही फाइल म्हणजे नुसता दुवा आहे, तो उडवून खरी फाइल बनवा आणि 'चॅटर +आय' ने कुलूप घाला. ते टिकतं खरं, पण फार टिकतं. वाशीच्या एका ऑफिसात तोच लॅपटॉप नेला की आतला सर्व्हर नावाने सापडत नाही, आणि सहा महिन्यांपूर्वी घातलेलं कुलूप कुणाला आठवतंय? डीएनएस बदलायचंच असेल तर नेटवर्क सेटिंगमध्ये त्या त्या जोडणीपुरतं बदला.

वायर आणि वाय-फाय एकदम

दोन्ही लागले असतील तर 'आयपी राउट'मध्ये दोन डीफॉल्ट ओळी दिसतात. वायरचा मेट्रिक (पसंतीचा आकडा) १००, वाय-फायचा ६००. कमी आकडा जिंकतो. म्हणजे वायर ज्या स्विचला लागलीय त्याच्यापुढे नेट नसलं तरी काही मशीन्स हट्टाने तिकडेच जातात आणि चांगलं चाललेलं वाय-फाय बसून राहतं. वायर काढून बघा. आकडा २०१०० दिसला तर नेटवर्क मॅनेजरने स्वतःच त्या वायरवर नेट नाही हे ओळखून तिला मागे ढकललंय.

नेटवर्क मॅनेजरच काढून टाकणं

काढाल, आणि परत टाकायला नेट कुठून आणाल? एवढंच.

काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात

स्थानिक केबलवाल्याचं युजरनेम-पासवर्डवालं कनेक्शन असेल तर हे होऊ शकतं. तिथे डेटाच्या प्रत्येक पाकिटातले ८ बाइट त्या लॉगिन पद्धतीच्या शीर्षकात जातात, १५०० ऐवजी १४९२ उरतात. राउटरने हे नीट सांभाळलं नाही तर मोठी पाकिटं वाटेतच हरवतात. 'पिंग -एम डू -एस १४७२ १.१.१.१' द्या, यातला एम तेवढा कॅपिटल. उत्तर नाही आलं, आणि १४६४ ला आलं, तर जोडणीच्या सेटिंगमध्ये एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १४९२ करा.

याच केबलवाल्यांची दुसरी खोड म्हणजे कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा ओळख-क्रमांक) बांधून ठेवणं. वायर संगणकातून काढून नव्या राउटरला लावली की नेट गायब होतं. त्यांना फोन करून नवा पत्ता नोंदवा, किंवा राउटरमध्ये जुना पत्ता क्लोन करा.

फोन करायचाच तर पायऱ्यांचा निकाल हाताशी ठेवा. मागच्या गणपतीत आमच्याकडे राउटरला पिंग जात होतं, पुढे नाही. मी तसं सांगितलं. पलीकडून प्रश्न: "सर, विंडोज कोणतं आहे, सेव्हन की टेन?" म्हटलं, विंडोज नाहीये, पण मोबाइलवरही नेट नाहीये आणि राउटरला तुमच्याकडून पत्ताच येत नाहीये. संध्याकाळी मुलगा आला आणि थेट गच्चीवर गेला. त्यांच्या पेटीचा प्लग काढून त्या जागी कुणीतरी मांडवाच्या लायटिंगची माळ लावली होती.