पहिला टर्नटेबल घेताना: आधी सुई बघा, मग पेटी

टर्नटेबल बघायला निघण्याआधी घरातल्या सगळ्या रेकॉर्ड्स काढून जमिनीवर मांडा आणि प्रत्येकीचं लेबल वाचा. बारा इंची एलपी ३३⅓ फेऱ्यांची. सात इंची बहुतेक ४५ च्या, पण सगळ्या नाहीत. त्याच आकारात ३३⅓ वर चालणाऱ्याही आपल्याकडे निघाल्या होत्या, म्हणून आकारावरून वेग ठरवू नका. आणि दहा इंची, हाताला जड, टिचकी मारली की बशीसारखी वाजणारी, कडेचा टवका उडालेली तबकडी निघाली तर ती लाखेची, ७८ फेऱ्यांची.

काय घ्यायचं हे इथेच निम्मं ठरतं. नुसत्या एलपी आणि ईपी (सात इंची छोट्या रेकॉर्ड्स) असतील तर दोन वेगांचं मशीन पुरतं. ७८ ची एक जरी तबकडी ऐकायची असेल तरी तीन वेग आणि बदलता येणारी सुई, दोन्ही लागतात. नुसता ७८ चा वेग असून भागत नाही. लाखेच्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेपेक्षा बरीच रुंद असते. एलपीची सुई साधारण ०.७ मिलची, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाहूनही बारीक, आणि ७८ ची जवळपास ३ मिलची. एलपीची सुई लाखेच्या खाचेत तळाला घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. उलट केलं, म्हणजे ७८ ची सुई एलपीवर ठेवली, तर एलपी गेलीच.

आजच्या नव्या रेकॉर्डची दुसरी प्रत विकत मिळते. साठच्या दशकातल्या नाट्यगीतांच्या किंवा भावगीतांच्या एलपीची मिळेलच असं नाही, आणि झिजलेली खाच परत भरत नाही. त्यामुळे रेकॉर्डला नेमकं काय टेकतं आणि किती भाराने टेकतं, हा पहिला प्रश्न. लाकडी फिनिश, ब्लूटूथ, यूएसबी हे सगळं त्यानंतर.

काय घेऊ नये

सुटकेससारखी पेटी, आतच स्पीकर, हलका प्लास्टिकचा आर्म (सुई धरणारा दांडा): हे घेऊ नका, कोणाला भेटही देऊ नका. यात बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिची थरथर विजेत बदलणारा भाग) असतं, त्याचा भार पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातो आणि तो कमी करायची सोयच नसते. चांगलं मॅग्नेटिक कार्ट्रिज दोन ग्रॅमवर चालतं. वर स्पीकर त्याच पेटीत असल्यामुळे आवाज वाढवला की सुई थरथरते आणि उड्या मारते. ‘स्वस्तात सुरुवात करा, आवडलं तर पुढे बघू’ हा सल्ला दुकानात सर्रास मिळतो. त्याची किंमत तुमच्या रेकॉर्ड्स मोजतात.

आजोबांचा जुना प्लेअर माळ्यावर असेल तर तो जपा, पण त्यावर लगेच एलपी लावू नका. जुनी क्रिस्टल कार्ट्रिजं ओलाव्याने निकामी होतात, मुंबई-कोकणातल्या हवेत तर हमखास. थाळी फिरवणाऱ्या चाकाचं रबरही एव्हाना कडक झालेलं असतं.

काय घ्यावं

बजेट फारच मोजकं आणि फक्त एलपी-ईपी असतील तर ऑडिओ-टेक्निकाचा एलपी६०एक्स. बटण दाबलं की आर्म आपोआप जाऊन बसतो, बाजू संपली की परत येतो. फोनो प्रीअँप, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट, आतच आहे. सुईचा भार कारखान्यातच बसवलेला, तो बदलता येत नाही. कार्ट्रिजही बदलता येत नाही, फक्त सुई बदलता येते. या मर्यादा मान्य असतील तर मशीन प्रामाणिक आहे.

थोडं थांबून पैसे जमवता येत असतील तर त्याच कंपनीचा एलपी१२०एक्स घ्या. तीन वेग, आर्मच्या मागे भार ठरवणारं फिरवायचं वजन, अँटीस्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून उलटा ताण), व्हीएम९५ई कार्ट्रिज, आणि बंद-चालू करता येणारा फोनो प्रीअँप. माझं मत स्पष्ट आहे: घरात जुन्या मराठी रेकॉर्ड्सचा गठ्ठा असेल तर हाच, किंवा याच सोयी देणारा दुसऱ्या कंपनीचा. बेल्ट ड्राइव्ह (मोटर पट्ट्याने थाळी फिरवते) की डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट फिरवते) यावर या किमतीत डोकं शिणवू नका. बेल्ट काही वर्षांनी सैल पडतो आणि बदलावा लागतो, एवढाच व्यवहारातला फरक.

जुनं घेत असाल, चोरबाजारातून किंवा ओळखीतून, तर थाळी फिरताना डुलते का बघा. आर्म दोन बोटांत हलकेच धरून मागेपुढे हलवा. खिळखिळा लागला तर सोडून द्या. सुई झिजलेलीच आहे असं धरून नव्या सुईचे पैसे किमतीत मिळवा. व्हीएम९५ईच्या सुईचं आयुष्य कंपनी ३०० तास सांगते, म्हणजे चाळीस मिनिटांच्या साधारण ४५० एलपी. जुन्या सुईने किती वाजवल्या हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

अमेरिकेतून कोणी नातेवाईक मशीन आणणार असेल तर आधी मागच्या पट्टीचा फोटो मागवा. अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर प्रश्न नाही. नुसतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल आणि मोटर थेट विजेवर चालणारी असेल, तर ट्रान्सफॉर्मर लावूनही आपल्या ५० हर्ट्झवर ती सहाव्या हिश्शाने हळू फिरेल. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. गाणं तीन अर्धस्वरांहून थोडं जास्त खाली उतरतं.

सुईचा भार: इथे घाई करू नका

आर्मच्या मागचं वजन बसवणं, एवढंच काम बहुतेकांकडून चुकतं. मग दोष मशीनला जातो किंवा रेकॉर्डला. काम दहा मिनिटांचं आहे, पण प्रत्येक पायरीला एक खोच आहे.

थाळी बसवा, वर मॅट आणि एक नको असलेली रेकॉर्ड ठेवा. हेडशेल (कार्ट्रिज बसवलेला पुढचा तुकडा) आर्ममध्ये घालून गोल कडी घट्ट करा, मागून वजन चढवा. अँटीस्केटिंग शून्यावर. मोटर बंद. आता सुईवरची प्लास्टिकची टोपी काढा. ही टोपी ठेवूनच तोल साधणारे पुष्कळ आहेत. टोपीचं स्वतःचं वजन असतं. ती नंतर काढली की सुई तेवढीच हलकी पडते आणि आकडा दोनचा दिसला तरी प्रत्यक्ष भार कमी असतो.

आर्मची क्लिप सोडा आणि आर्म टेकू व थाळी यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर आणा. आता क्यू लिव्हर (आर्म वर उचलून धरणारी छोटी दांडी) खाली करा. लिव्हर वर राहिला तर आर्म त्याच्या पट्टीवर टेकलेला असतो, हवेत तरंगत नसतो, आणि तुम्ही वजन कितीही फिरवलंत तरी तोल खोटाच येतो. लिव्हर खाली गेल्यावर वजन अगदी थोडं थोडं मागेपुढे फिरवा. आर्म सोनाराच्या तराजूच्या दांडीसारखा आडवा, स्थिर राहिला पाहिजे. पुढचं टोक खाली झुकलं तर वजन मागे घ्या, वर उचललं गेलं तर पुढे. आर्म हळूच खाली-वर डुलून आपोआप आडवा होऊन थांबतो, तो क्षण ओळखायला शिका. या सगळ्यात सुई कशालाही टेकता कामा नये.

आर्म परत टेकूवर ठेवून क्लिप लावा. आता वजनाच्या पुढे जी आकड्यांची कडी आहे ती एकटी फिरते, वजनाशिवाय. वजन एका हाताने पक्कं धरा आणि दुसऱ्या हाताने फक्त कडी फिरवून शून्य आर्मवरच्या रेघेसमोर आणा. इथे वजन केसभर जरी फिरलं तरी पुन्हा पहिल्यापासून. मग वजन आणि कडी दोन्ही मिळून, म्हणजे वजनाला धरून, पुढे फिरवा. व्हीएम९५ईला १.८ ते २.२ ग्रॅम चालतं, २.० वर ठेवा. अँटीस्केटिंगही २ वर.

‘हलकं ठेवलं की रेकॉर्ड कमी झिजते’ हा सल्ला ऐकू नका. हा सर्वांत जास्त पसरलेला आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा सल्ला आहे. भार कमी असेल तर जोरकस सुराला सुई खाचेच्या भिंतीवरून सुटते आणि पुन्हा आपटते. दोन ग्रॅमसाठी बनवलेली सुई एक ग्रॅमवर ठेवली तर ती दोन ग्रॅमवर असतानापेक्षा जास्त खरवडते. कंपनीने दिलेल्या मर्यादेत मधला किंवा थोडा वरचा आकडा धरा, खालचा कधीच नाही. आर्मवर नाणं चिकटवणं हाही उपाय नाही. सुई उडत असेल तर तोल, धूळ किंवा टेबल यांपैकी काहीतरी चुकलं आहे.

कडीवरचे आकडे अंदाजे असतात, म्हणून ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या. सुई टेकण्याची जागा रेकॉर्डच्या उंचीइतकीच हवी. काटा जाड असेल तर आर्म वर उचलला जाऊन आकडा बदलतो. त्याची थाळी लोखंडी नको, कारण कार्ट्रिजमधलं चुंबक तिला ओढतं आणि आकडा चुकू शकतो. मोजताना मोटर बंदच हवी.

अँटीस्केटिंग म्हणजे आर्मची आत ओढली जाण्याची प्रवृत्ती थोपवणारा उलटा ताण. गुळगुळीत, खाच नसलेल्या तबकडीवर सुई सोडून तो लावायची युक्ती सांगतात. ती नका करू, खाचेतलं घर्षण वेगळं असतं. स्टिरिओ रेकॉर्डवर फक्त उजवा स्पीकर फाटका वाजत असेल तर आकडा थोडा वाढवा, फक्त डावा फाटका वाजत असेल तर कमी करा.

फोनो की लाइन

मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम ४ मिलिव्होल्ट निघतात, आणि रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे स्वर चढवलेले असतात. फोनो प्रीअँप तो सिग्नल वाढवतो आणि हे दाबणं-चढवणं उलटं करतो. तो साखळीत एकदाच असला पाहिजे. अँप्लिफायरला फोनो सॉकेट असेल तर टर्नटेबलमागची कळ ‘फोनो’वर. ऑक्समध्ये (साध्या ऑडिओ इनपुटमध्ये) किंवा पॉवर्ड स्पीकरमध्ये (अँप्लिफायर आतच असलेल्या) जोडत असाल तर ‘लाइन’वर. आवाज बारीक आणि पत्र्यासारखा, तबल्याचा बायाँ गायब: प्रीअँप एकही नाही. आवाज प्रचंड, घुमणारा आणि फाटलेला: दोन झाले. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या जुन्या अँप्लिफायरवर सॉकेटखाली क्रिस्टल किंवा सिरॅमिक लिहिलं असेल तर ते या कार्ट्रिजसाठी नाही, ऑक्स वापरा. पाच पिनांचं गोल सॉकेट असेल तर डीआयएन-आरसीए केबल मिळते.

सतत ‘घूंऽऽ’ येत असेल तर टर्नटेबलची अर्थची बारीक वायर अँप्लिफायरच्या स्क्रूखाली घट्ट केलीय का बघा.

स्पीकर

एकूण पैशांतला तिसरा हिस्सा तरी स्पीकरसाठी ठेवा. दोन वेगळे, आरसीए इनपुट असलेले पॉवर्ड स्पीकर सगळ्यांत सोपे. साउंडबार नको, आणि एकच ब्लूटूथ डबा तर नकोच. स्पीकर टर्नटेबलच्या टेबलावर ठेवू नका. लाकडी तक्तपोशीच्या वाड्यात किंवा माडीवर पावलांनी सुई उडते, तिथे भिंतीत ठोकलेली फळी उत्तम. पाणसळ ठेवून थाळी दोन्ही दिशांनी समतल करा.

७८ साठी

व्हीएम९५च्या कार्ट्रिजमध्ये सुईचा भाग ओढून निघतो आणि त्याच जागी ७८ ची सुई बसते. तिचं नाव व्हीएमएन९५एसपी. तिला ५ ग्रॅम लागतात. कडीवर आकडे ३ किंवा ४ पर्यंतच असले तर वजन तसंच पुढे फिरवा आणि काट्यावर मोजा. एलपीकडे परतताना सुई आणि भार दोन्ही बदलायचे, एक बदलून दुसरं विसरणं महागात पडतं. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही लावू नका, लाख विरघळते. एलपीवर बुरशीचे पांढरे ठिपके असतील तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये थेंबभर सौम्य साबण, मऊ कापड खाचेच्या दिशेने फिरवायचं, लेबल कोरडं ठेवायचं.

पहिल्यांदा वाजवताना

तानपुऱ्याचा सूर स्वच्छ असलेली शास्त्रीय एलपी लावा. षड्ज हेलकावे खात असेल तर वेग स्थिर नाही: बेल्ट सैल आहे किंवा भोक केंद्रातून सरकलेलं आहे. दुसरी रेकॉर्ड लावली की कोणतं ते कळतं. मग स्त्री आवाजातलं भावगीत, आणि लक्ष ‘स’, ‘श’, ‘च’वर. ते ‘फ्स्स’ असे फुटत असतील तर भार तपासा, सुईवर धुळीचा गोळा आहे का बघा. शेवटी ख्यालाच्या बाजूचा लेबलजवळचा शेवटचा इंच. द्रुत बहुतेक तिथेच येते, आणि खाच तिथे सुईखालून सर्वांत हळू सरकते, आवाजाच्या लाटा दाटीने कापलेल्या असतात, त्यामुळे ताना तिथेच गढूळ होतात. तिथे थोडा गढूळपणा स्वस्त सुईला माफ करा. जास्त वाटला तर दुसऱ्या दोन रेकॉर्ड्सचा शेवट ऐका. त्या स्वच्छ असतील तर पहिली रेकॉर्ड आधीच कोणीतरी झिजवलेली आहे, वजनाला हात लावू नका.