पूर्णेत बसून रोमानियाच्या लीगचा अख्खा सीझन कसा धरायचा

सुरुवात जुलैच्या मध्यालाच करा. रोमानियाची सगळ्यात वरची फुटबॉल लीग, म्हणजे लीगा १, त्याच सुमारास सुरू होते. आपल्याकडं तेव्हा सोयाबीनची कोळपणी चालू असते आणि कुणाला फुटबॉलची आठवणही नसते, पण हीच वेळ खरी. काहून, तर या लीगचा गुणतक्ता मार्चमध्ये असा बदलतो, की मधूनच येऊन पाहणाऱ्याला काही म्हणजे काही उलगडत नाही.

आधी घड्याळाचं मिटवून टाकू. रोमानियात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागं घेतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी परत पुढं करतात. म्हणून उन्हाळी वेळेत आपण त्यांच्या अडीच तास पुढं असतो, हिवाळ्यात साडेतीन तास. तिथली रात्री साडेआठची मॅच ऑगस्टमध्ये आपल्याकडं अकराला सुरू होते, नोव्हेंबरमध्ये बाराला. सगळ्या मॅचेस जागून पाहायची काही गरज नाही. माझा चुलतभाऊ हिवाळ्यात रात्रीच्या लाईटीवर हरभऱ्याला पाणी द्यायला शेतात जातो. तो मोटार चालू करून धुऱ्यावर बसतो आणि मोबाईलवर नुसता स्कोअर बघतो. त्याला लीग माझ्याइतकीच कळते.

आता संघ. गुणतक्त्यात सगळ्यात वर कोण आहे ते बघून संघ धरू नका. त्याचा जन्म कुठं झाला ते बघा. समाजवादी काळात तिथले बहुतेक क्लब एखाद्या खात्याचे, कारखान्याचे नाहीतर विद्यापीठाचे होते, आणि ती ओळख आजही नावात दिसते. स्त्याउआ १९४७ मध्ये लष्करानं काढला. दिनामो १९४८ मधला, गृहखात्याचा. पेत्रोलुल हा प्लोयेश्तचा, तेलाच्या गावचा. उता हा आरादच्या कापड गिरणीचा, आणि त्यानं सहा वेळा लीग जिंकलेली आहे. ओत्सेलुल हा गालात्सच्या पोलाद कारखान्याचा, २०११ चा चॅम्पियन. क्लुज आणि क्रायोवा या शहरांत युनिव्हर्सितातेआ नावाचे संघ आहेत, विद्यार्थ्यांचे.

जालन्यात सळईच्या कारखान्यात कामाला असाल तर ओत्सेलुल तुमचा. नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये आजोबा होते, असं सांगणाऱ्यानं उता धरावा. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या पोरांना दोन युनिव्हर्सितातेआ आहेत, भांडून वाटून घ्या. हिंगोलीच्या एसआरपी कॅम्पात वाढलेल्याला दिनामोशिवाय दुसरा संघ शोभणार नाही.

मी रेल्वेवाल्याचा मुलगा. वडील पूर्णेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. माझा संघ रॅपिड बुखारेस्ट, १९२३ मध्ये बुखारेस्टमधल्या ग्रिवित्साच्या रेल्वे वर्कशॉपमधल्या कामगारांनी काढलेला. याच वर्कशॉपमध्ये फेब्रुवारी १९३३ मध्ये संप झाला आणि कामगारांवर गोळीबार झाला. रॅपिडनं लीग तीनदाच जिंकली आहे: १९६७, १९९९ आणि २००३ मध्ये. २०१६ मध्ये क्लबचं दिवाळं निघालं, अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात करावी लागली आणि २०२१ मध्ये तो परत वर आला. सीएफआर क्लुज हाही रेल्वेचाच, आणि त्याच्याकडं आठ विजेतेपदं आहेत, त्यातली पाच तर २०१८ ते २०२२ अशी सलग. तरी मला विचाराल तर रेल्वेवाल्यानं रॅपिडच धरावा. जिंकण्यासाठी संघ धरायचा असता तर वडिलांनी मला पूर्णेच्या रेल्वे ग्राउंडवर कशाला नेलं असतं?

संघ ठरला की एक शंभर पानी वही घ्या. १६ संघ आहेत. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा बाहेर खेळतो, म्हणजे ३० फेऱ्या. दर फेरीनंतर अख्खा तक्ता उतरवू नका, त्याचा लवकर कंटाळा येतो. फक्त पाचवा, सहावा, सातवा आणि आठवा संघ लिहा, गुणांसकट. या लीगचा जीव सहाव्या ओळीत आहे. ३० फेऱ्या संपल्या की पहिले सहा संघ प्ले-ऑफला जातात आणि विजेतेपद फक्त त्यांच्यात ठरतं. उरलेले दहा प्ले-आउटला. सहावा आणि सातवा यांच्यात एका गुणाचा फरक असला तरी एकाचा सीझन तिथून सुरू होतो, आणि दुसरा पुढचे दोन-अडीच महिने लीगमध्ये टिकायची धडपड करत राहतो. डिसेंबरच्या थंडीत, लीगला हिवाळी सुट्टी लागायच्या आधी, पहिल्या क्रमांकाच्या बातम्या सोडा आणि या चार संघांच्या मॅचेस बघा. खरी झोंबाझोंबी तिथं असते.

आणि मग गुण अर्धे होतात. बटईच्या शेतासारखं, रास कितीही मोठी पडली तरी निम्मीच पदरात. अर्धा गुण आला तर तो वर धरतात. समजा पहिल्याचे ५६ आणि पाचव्याचे ५१ आहेत. अर्धे केल्यावर २८ आणि २६ होतात. पाच गुणांची आघाडी दोनावर येते. पुढं प्ले-ऑफच्या १० फेऱ्या आहेत, आणि एक विजय म्हणजे तीन गुण. म्हणून मार्चमध्ये वहीत नवीन पान उघडा, डावीकडं जुने गुण, उजवीकडं अर्धे केलेले. कुणाला वरच्या अर्ध्याचा फायदा झाला त्याच्यापुढं फुली मारा. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. पावसाळ्यापासून मिळवलेलं असं कापून घेणं बरोबर नाही. पण त्यामुळं मे महिन्यापर्यंत कुणालाच सैल सोडता येत नाही, हेही खरं. मे २०२३ मध्ये फारुल कॉन्स्तान्त्सा आणि एफसीएसबी यांच्यात विजेतेपद ठरवणारी मॅच झाली. फारुल दोन गोलनं मागं होता आणि ३-२ नं जिंकला. रोमानियाचा सगळ्यात नावाजलेला जुना खेळाडू गेओर्गे हाजी फारुलचा प्रशिक्षक होता. ती मॅच यूट्यूबवर शोधून बघाच.

एफसीएसबीचं नाव आलंय तर एक गाठ इथंच सोडवून घ्या, नाहीतर जुने तक्ते वाचताना अडाल. हा क्लब २०१७ पर्यंत स्त्याउआ नावानंच खेळत होता. नाव आणि चिन्ह आपलं आहे म्हणून लष्कर कोर्टात गेलं, जिंकलं, आणि क्लबला नाव बदलावं लागलं. लष्करानं मग स्त्याउआ नावाचा स्वतःचा संघ खालच्या लीगमधून उभा केला. जुनी विजेतेपदं कुणाची, हा वाद तिथं पेटता आहे. ७ मे १९८६ ला स्पेनमधल्या सेव्हियात स्त्याउआनं बार्सिलोनाला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सगळ्यात मोठा कप घेतला, गोलकीपर हेल्मुट दुकादामनं बार्सिलोनाच्या चारही पेनल्टी अडवल्या. दुकादाम स्त्याउआला आला तो उता आरादकडून. तो कप कोर्टाचा नाही, वकिलांचाही नाही. मैदानावर उतरलेल्या त्या पोरांचा आहे. वहीत २०१७ च्या आधीचं सगळं ‘स्त्याउआ’ आणि नंतरचं ‘एफसीएसबी’ असं लिहा, बेरीज करू नका.

जुन्या तक्त्यांत आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. १९८९-९० चा सीझन पाहिला तर दोन संघ अर्ध्यातूनच नाहीसे झालेले दिसतात. डिसेंबर १९८९ मध्ये रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याची सत्ता उलथली. त्यानंतर पोलिसांचा व्हिक्टोरिया बुखारेस्ट आणि चाउशेस्कूच्या जन्मगावचा, स्कोर्निचेश्तचा एफसी ओल्त, हे दोघं लीगबाहेर गेले. तो सीझन दिनामोनं जिंकला, मिर्चा लुचेस्कू प्रशिक्षक असताना.

बातम्यांसाठी गझेटा स्पोर्तुरिलोर आणि प्रोस्पोर्ट या दोन साइट पुरतात. मोबाईलचं भाषांतर बऱ्यापैकी चालतं. खेळाडूंची नावं मात्र मूळ अक्षरांत बघा: एसखाली शेपटी असली की श, टीखाली असली की त्स.

मेमध्ये लक्ष खाली वळवा. प्ले-आउटचे शेवटचे दोन संघ थेट उतरतात. तेरावा आणि चौदावा खालच्या लीगमधल्या संघांशी दोन-दोन मॅचेस खेळतात, एक घरी, एक बाहेर. २०२२ मध्ये याच दोन मॅचेसमध्ये दिनामो युनिव्हर्सितातेआ क्लुजकडून हरला आणि इतिहासात पहिल्यांदा खाली गेला. एका वर्षात परतही आला. प्ले-ऑफ संपलं म्हणून वही मिटू नका, या मॅचेसची पानं आधीच राखून ठेवा.