सातबाऱ्यावर वारस नोंद : एकही नाव न वगळता कशी करावी

खातेदार वारल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसांनी तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवावे असे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 चे कलम 149 सांगते. मुदत टळली तरी नोंद होते. मात्र उशीर झाला की वारसांचेही वारस वाढतात, कुणी मुंबईला तर कुणी परदेशी असतो, आणि पीककर्ज किंवा भूसंपादनाचा मोबदला अडकून पडतो. सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मयतांचीच नावे राहिली, म्हणून 2025 मध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम घ्यावी लागली.

सुरुवात मयताच्या नावच्या 8अ उताऱ्याने करा. त्या गावातले त्याच्या खात्याचे सगळे गट त्यावर दिसतात. शेजारच्या गावातही जमीन असेल तर तिथला 8अ वेगळा काढावा लागतो आणि अर्जही वेगळा करावा लागतो. बांधापलीकडच्या गावातला तुकडा असाच विसरला जातो. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो. मृत्यूच्या दाखल्यावरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळते का, हेही तेव्हाच पाहा. एकीकडे ‘बाबू’ आणि दुसरीकडे ‘बाबूराव’ असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा.

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती वारसांच्या यादीत. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस एकाच वेळी हक्कदार होतात. वडील हयात असले तरी ते या वर्गात येत नाहीत, आई मात्र येते, आणि यादी करताना नेमकी तीच राहते. एखादा मुलगा आधीच वारला असेल तर त्याची विधवा आणि मुले मिळून त्याचा एक हिस्सा घेतात. विधवा सून माहेरी राहते म्हणून तिला वगळता येत नाही.

मुलगी विवाहित असो की अविवाहित, तिचा हक्क तोच. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत ती जन्माने सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच हिस्सेदार, झाली. त्या तारखेला वडील हयात असणे गरजेचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. जुन्या सातबाऱ्यांवर भावांची नावे कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, आणि बहिणींची ‘इतर हक्कात’ टाकलेली सर्रास दिसतात. तसे होऊ देऊ नका. अर्जातच सर्वांची नावे कब्जेदार म्हणून लावावीत, असे लिहा. मुसलमान कुटुंबात हिस्से वेगळ्या नियमाने ठरतात, पण तिथेही मुलगी वारस असतेच.

अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सातबारा व 8अ, सर्व वारसांची नावे, वये, पत्ते आणि मयताशी नाते, आधारच्या प्रती, रेशनकार्डाची प्रत आणि वारसांबाबतचे स्वयंघोषणापत्र किंवा प्रतिज्ञापत्र लागते. अर्ज तलाठी कार्यालयात किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन करता येतो. आधी वारसांची नोंद गाव नमुना 6क मध्ये होते. चौकशीनंतर मंडळ अधिकारी वारस ठरवतात आणि मग नमुना 6 मध्ये फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, पडतो. हितसंबंधितांना नोटीस निघते. 15 दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. हरकत आली तर ती नमुना 6अ मध्ये तक्रार म्हणून नोंदली जाते आणि सुनावणी होते. निकाल मान्य नसेल तर 60 दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. नोटिशीवर सही करण्याआधी त्यातली नावे मोजा, मगच सही करा.

बहिणीला हिस्सा नको असेल तरी आधी तिचे नाव लागू द्यावे आणि मग हक्कसोडपत्र करावे, हा क्रम पाळणे बरे. साध्या बाँडवर नोटरी करून घेतलेले हक्कसोड चालत नाही, ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क भावाच्या लाभात विनामोबदला सोडला तर मुद्रांक शुल्क 500 रुपये आहे. पैसे घेऊन सोडला तर शुल्काचा हिशेब बाजारमूल्याशी जातो. कोणाच्या लाभात सोडला, त्याचे नाव दस्तात स्पष्ट असू द्या. वडील हयात असतानाच त्यांच्या स्वकष्टार्जित जमिनीवरचा हक्क लिहून घेण्याची घाई करू नये. जो हक्क अजून मिळालेलाच नाही तो सोडता येत नाही. आणि सही करणाऱ्या बहिणीला दस्त पूर्ण वाचू द्या. दाराशी गाडी उभी करून, ‘नुसती सही कर’ म्हणत घेतलेल्या सह्याच पुढे दिवाणी दावे होऊन येतात.

वारस अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालील, असेल तर त्याच्या नावापुढे अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून पालकाचे नाव लागते. अज्ञानाचा हिस्सा विकायला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. 18 पूर्ण झाल्यावर हा शेरा कमी करण्याचा अर्ज वेगळा करावा लागतो, तो आपोआप जात नाही.

मृत्युपत्र असेल तर त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. मूळ प्रत सुनावणीपर्यंत जपून ठेवा. इतर वारसांनी ते नाकारले तर त्याच्या खरेपणाचा निकाल दिवाणी न्यायालयातच लागतो.

वारस नोंद म्हणजे वाटप नव्हे. खाते सामाईक राहते, गट कुणाच्याही नावे तुटत नाही आणि विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा जिथल्या तिथे राहतो. वाटणी हवी असेल तर सर्वांच्या संमतीने जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज, नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा, यांपैकी एक मार्ग घ्यावा लागतो.

फेरफार प्रमाणित झाला की प्रत्येक गटाचा नवा सातबारा काढा आणि तीन गोष्टी पाहा : मयताच्या नावाला कंस झाला का (म्हणजे ते नाव कमी झाले का), सर्व वारस कब्जेदार सदरी आले का, आणि नावांचे स्पेलिंग आधारशी जुळते का. लेखनातली चूक असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्ती होते. एखादा वारसच सुटला असेल तर मात्र ती लेखनातली चूक धरली जात नाही, अपील करावे लागते.